एका पोर्टला तीन सेन्सर लावले की एक गायब: तपासायला कुठून सुरुवात करायची

इथं बोर्ड म्हणजे सेन्सर जोडून प्रोग्राम चालवायचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, एम५स्टॅक नाहीतर आर्डुइनोसारखा, आणि हब म्हणजे एका पोर्टाची दोन-तीन तोंडं करणारा जोड. आधी लक्षणं सांगतो, तुमचं यातलं कुठलं आहे ते बघा.

एकेक सेन्सर सुटा लावला की मस्त चालतो, हब घालून दोन लावले की एकच दिसतो. किंवा दोन्ही दिसल्यासारखे वाटतात पण दोघांचं तापमान पॉइंटच्या पुढच्या आकड्यापर्यंत सेम. किंवा तिसरा लावला की आधीचे चालू असलेले दोनपण बंद. किंवा टेबलावर दिवसभर चालतं आणि शेडमधे नाहीतर बागेत नेऊन लावलं की तासाभरात अडकतं, रिसेट बटण दाबलं तरी येत नाही, पॉवर पूर्ण काढून परत दिली की येतं. किंवा बोर्डच सारखा रिस्टार्ट होतोय आणि कॉम्प्युटरवरच्या सिरीयल मॉनिटरवर ब्राउनआउट (म्हणजे व्होल्टेज कमी पडलं) असं काहीतरी येतंय. किंवा मधूनच तापमान उणे ४५ नाहीतर एकदम १३०. हे दोन आकडे लक्षात ठेवा, एसएचटी३० जातीच्या सेन्सरकडून सगळे बिट शून्य आले की हिशोब उणे ४५ वर जातो आणि सगळे बिट एक आले की १३० वर, म्हणजे तो सेन्सर तापमान सांगतच नाहीये, वायरवर नुसती शांतता आहे आणि सेन्सर वाचायची तयार लायब्ररी चेकसम (आकडे बरोबर पोचले का ते ताडायचा जादा आकडा) न बघता तेच आकडे छापतीय.

मी सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला बोर्ड दुरुस्तीचं काम करतो. जानेवारी ते मार्च प्रोजेक्टची पोरं येतात, उन्हाळा लागला की डाळिंबवाले, आणि वर्षभर अधूनमधून लूमवाले, शेडमधली दमटपणा मोजायची मशीन घेऊन. तक्रार जवळपास एकच असते, "सेन्सर खराब निघाला". आणि बहुतेक वेळा सेन्सर चांगला असतो. गेल्या वर्षी विडी घरकुलातून डिप्लोमाची एक मुलगी आली होती, आई विड्या वळते, आणि हिने एकच सेन्सर तिसऱ्यांदा विकत घेतला होता कारण दुसरा लावला की दिसायचाच नाही. मी तिन्ही तपासले, तिन्ही चांगले. दोष फक्त एवढाच होता की तिघांचा पत्ता एक होता. त्या दिवसापासून मनात होतं की हे सगळं एकदा नीट लिहून ठेवायचं, म्हणजे कुणी असे पैसे घालवायच्या आधी वाचेल.

मुळात काय होतं ते समजून घ्या, मग तपासणी डोळे झाकून करावी लागत नाही. आपण ज्याला एक पोर्ट म्हणतो, ग्रोव्हचं चार पिनचं सॉकेट, त्यात दोन वायरी पॉवरच्या आणि दोन बोलायच्या, एसडीए (माहितीची) आणि एससीएल (ठोक्याची), या दोन वायरींवर बोलायच्या पद्धतीला आय-टू-सी म्हणतात. तीन तोंडांचा साधा हब घेतला तरी आत काही हुशारी नसते, चारही वायरी सरळ जोडलेल्या असतात, म्हणजे तुम्ही पोर्ट वाढवले नाहीत, त्याच दोन वायरींवर जास्त जण बसवले. बोर्ड वर्गातल्या बाईंसारखी हजेरी घेतो, नंबर पुकारतो आणि ज्याचा नंबर तो "हजर" म्हणतो. दोघांचा रोल नंबर एक असेल तर दोघं एकदम हजर म्हणतात, बाईंना एकच आवाज येतो, आणि पुढे प्रश्न विचारला की दोघं एकदम उत्तर देतात आणि एकाच्या बोलण्यात दुसऱ्याचं मिसळतं. हा रोल नंबर म्हणजेच सेन्सरचा पत्ता, म्हणून स्कॅनमधे दोन सेन्सरचा एकच पत्ता दिसतो. हे डोक्यात बसलं की अर्धी दुरुस्ती झाली.

आता तपासणी, फुकटातली आधी.

सेन्सर त्या पोर्टचाच आहे का. सॉकेट सारखं असतं म्हणून सगळं सगळ्यात बसतं, आणि इथंच फसगत होते. एम५स्टॅक कंपनीच्या बोर्डांवर लाल पोर्ट आय-टू-सीचा, काळा पोर्ट साध्या डिजिटल-अ‍ॅनालॉग सेन्सरचा आणि निळा सिरीयलचा असतो. मातीचा ओलावा बघायचा साधा सेन्सर अ‍ॅनालॉग असतो, तो हबमधून लाल पोर्टला लावला की तो आपलं व्होल्टेज थेट बोलायच्या वायरीवर ढकलतो आणि बाकीच्यांची बोलतीच बंद. "तिसरा लावला की सगळे बंद" हे लक्षण असेल तर पहिला संशय इथं घ्या. डीएचटी११ पण आय-टू-सी नाही, त्याला स्वतःची एक पिन लागते, हबवर दोन लावून चालत नाही. डीएस१८बी२० मात्र वेगळ्या जातीचा, त्यात प्रत्येकाला कारखान्यातूनच ६४ बिटांचा वेगळा नंबर मिळतो, एका पिनवर पाच-दहा सहज बसतात, ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर तेवढा लावायचा.

केबल. हसू नका, केबल बदलून बघा. अर्धवट बसलेलं सॉकेट, आतून तुटलेली वायर, आणि लूमच्या शेडमधे तर सॉकेटात कापसाची बारीक रुई जाऊन बसते, कॉन्टॅक्ट येतो जातो. कोरड्या ब्रशने साफ करायचं, तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचा ओलावा जातो. यूएसबी केबल नुसती चार्जिंगची नाही ना तेपण बघून घ्या. आणि अजून एक, पिवळी आणि पांढरी यातली एसडीए कुठली हे रंगावरून ठरवायचं नाही. सीड कंपनीच्या ग्रोव्हमधे पिवळी एससीएल असते, एम५स्टॅकच्या केबलमधे पिवळी एसडीए. तयार केबल तशीच लावली तर फरक पडत नाही कारण जागा जुळलेल्या असतात, पण केबल कापून स्वतः जोड मारला की उलटं होतं. बोर्डवर छापलेलं वाचा, तेच खरं.

स्कॅनर चालवा. आर्डुइनोमधे आय-टू-सी स्कॅनर नावाचा छोटा प्रोग्राम मिळतो, तो सगळे नंबर पुकारून कोण हजर म्हणतं ते छापतो. आधी एकच सेन्सर लावून चालवा, पत्ता कागदावर लिहा, तो काढा, दुसरा लावा, परत लिहा. सगळे एकदम लावून स्कॅन करणाऱ्याला कोण गायब आहे तेच कळत नाही, म्हणून हा कंटाळा करू नका. ईएसपी३२ (एम५स्टॅकच्या या बोर्डांवरचा वायफायवाला मुख्य चिप) वर पिना बोर्डागणिक बदलतात, एम५स्टॅक बेसिकच्या लाल पोर्टला एसडीए २१ आणि एससीएल २२, कोअर२ ला ३२ आणि ३३, अ‍ॅटम लाइटला २६ आणि ३२. कोडमधल्या वायर डॉट बिगिनच्या कंसात एसडीए आधी, एससीएल नंतर असे दोन आकडे द्यायला विसरलात तर स्कॅनर दुसऱ्याच पिनांवर हजेरी घेतोय आणि तुम्ही इकडे सेन्सर खराब म्हणताय.

पत्ते जुळवा. सगळ्यात जास्त केसेस इथंच सुटतात म्हणून जरा वेळ घेतो. पत्ता ७ बिटांचा, काही राखीव सोडले तर ११२ उरतात, आणि जगभरचे हजारो चिप तेवढ्यातच बसवायचे आहेत, त्यामुळे टक्कर होणारच. पत्ते हेक्समधे, म्हणजे सोळाच्या पद्धतीत लिहितोय, पुढचं झिरो-एक्स तुम्ही धरून चाला. बीएमई२८० आणि बीएमपी२८० दोघांचा ७६ नाहीतर ७७. एसएचटी३० चा ४४ नाहीतर ४५. उजेडाचा बीएच१७५० म्हणजे २३ नाहीतर ५सी. ओएलईडी डिस्प्ले ३सी नाहीतर ३डी. हे झाले सरळ. आता भांडणाऱ्या जोड्या: घड्याळाचा डीएस३२३१ आणि हालचालीचा एमपीयू६०५० दोघं ६८. त्याच घड्याळाच्या मॉड्यूलवर बऱ्याचदा एक छोटी मेमरी चिप असते तिचा पत्ता ५७, आणि नाडी मोजणारा मॅक्स३०१०२ पण ५७, हे तर कुणाच्या लक्षातच येत नाही कारण घड्याळ लावलंय हे माहीत असतं पण त्यावर अजून एक चिप बसलीय हे माहीत नसतं. अंतर मोजणारा व्हीएल५३एल०एक्स आणि रंग ओळखणारा टीसीएस३४७२५ दोघं २९. करंट मोजणारा आयएनए२१९ आणि दमटपणाचा एचटीयू२१ दोघं ४०.

यातल्या बऱ्याच जणांचा पत्ता बदलता येतो, तोही फुकटात. बीएमई२८० च्या सहा पिनवाल्या मॉड्यूलवर एसडीओ पिन असते, ती ग्राउंडला जोडली की ७६, ३.३ व्होल्टला जोडली की ७७. एमपीयू६०५० ची एडी० पिन ३.३ ला नेली की ६९. आयएनए२१९ वर ए० ए१ असे सोल्डरचे ठिपके असतात, ते जोडले की पत्ता सरकतो. त्या मुलीचं काम असंच झालं, एका सेन्सरची एसडीओ एका वायरने ३.३ ला नेली, तो ७७ झाला, कोडमधे ७७ लिहिलं आणि दोन्ही सुरू. तिला दोनच पाहिजे होते, तिसरा अजून तिच्याकडे नवा पडलाय.

व्हीएल५३एल०एक्सचा पत्ता कोडमधून बदलतो पण पॉवर गेली की परत २९, आणि बदलताना बाकीच्यांना गप्प ठेवायला एक्सशट नावाची पिन लागते, जी चार पिनच्या ग्रोव्ह केबलमधे येतच नाही. असे दोन पाहिजे असतील तर पुढे मल्टिप्लेक्सर सांगतोय तिकडे जा. आणि दमटपणा जर कायम शून्यच येत असेल तर बघा, बीएमई म्हणून बीएमपी हातात पडलाय का, चिप आयडी वाचला तर बीएमई ६० सांगतो आणि बीएमपी ५८, बीएमपी दमटपणा मोजतच नाही.

पॉवर. ईएसपी३२ वायफाय चालू करताना एकदम मोठा घोट घेतो, तो बनवणारी एस्प्रेसिफ कंपनी स्वतः ५०० मिलिअँपिअर किंवा जास्त देणारा सप्लाय लावायला सांगते. त्याच हबवर तुम्ही सर्व्हो, रिले नाहीतर रंगीत एलईडीची पट्टी लावली (पट्टीतला एकेक एलईडी पूर्ण पांढरा केला की ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो) की व्होल्टेज खाली बसतं आणि बोर्ड रिस्टार्ट. तपासायला सोपं, वायफाय बंद करून आणि मोठी खाणारी वस्तू काढून चालवा, चाललं तर दोष पॉवरचा. उपाय म्हणजे मोटार-एलईडीला वेगळा सप्लाय द्यायचा आणि दोन्हींचे ग्राउंड एकत्र जोडायचे, ग्राउंड वेगळे ठेवले तर परत कुणाचं बोलणं कुणाला कळत नाही.

इथून पुढे मल्टिमीटर लागेल, साधा चालतो.

बोर्ड चालू ठेवा, काळा प्रोब ग्राउंडला, लाल प्रोब आधी एसडीएला मग एससीएलला. कुणी बोलत नसताना दोन्हीवर ३.३ च्या आसपास यायला पाहिजे. शून्य आलं तर कुणीतरी वायर धरून बसलाय नाहीतर शॉर्ट आहे, एकेक सेन्सर काढत जा, ज्याला काढल्यावर ३.३ परत येतं तो चोर. दीड-दोन व्होल्टवर लटकत असेल तर बहुतेक अ‍ॅनालॉग सेन्सर चुकून लागलाय नाहीतर एखाद्या सेन्सरला पॉवरच पोचत नाहीये. आणि ५ व्होल्ट दिसलं तर लगेच बंद करा, ईएसपी३२ च्या पिना ३.३ च्या आहेत. उलटंपण होतं, एम५स्टॅकच्या लाल पोर्टची लाल वायर ५ व्होल्ट देते, त्यांच्या स्वतःच्या युनिटमधे ते खाली आणायची सोय असते, पण बाजारातून आणलेल्या रेग्युलेटर नसलेल्या उघड्या बीएमई२८० मॉड्यूलला ती दिली की संपलं, तो चिप ३.६ व्होल्टपर्यंतचा आहे. आर्डुइनो उनोवर सीडचं ग्रोव्ह शील्ड असेल तर त्यावर ३.३ आणि ५ चा छोटा स्विच असतो, तो कुठं आहे बघा.

मग पुल-अप. एसडीए-एससीएलला वर ओढून धरणारे रेझिस्टर जवळपास प्रत्येक मॉड्यूलवर असतात, आणि सगळे एकमेकांना पॅरलल लागतात. एका मॉड्यूलवर ४.७ किलोओहम असेल तर ठीक, असे पाच लावले की ९४० ओहम झाले, म्हणजे वायर खाली ओढायला चिपला साडेतीन मिलिअँपिअर ओढावे लागतात आणि आय-टू-सीचा नियम ३ चीच हमी देतो. एखादा चिप ओढतो एखादा नाही, म्हणून "चार चालतात, पाचवा लावला की मधूनच एरर". मोजायचं तर पॉवर पूर्ण काढून एसडीए आणि बोर्डच्या ३.३ पिनमधे ओहम बघा, लाल वायरीवर नाही, कारण ती ५ ची असू शकते. २ ते ५ किलोओहम आलं तर सोडून द्या. हजाराच्या खाली आलं तर एक-दोन मॉड्यूलवरचे पुल-अप काढावे लागतात, काही मॉड्यूलवर त्यासाठी कापायचा ट्रॅक दिलेला असतो, तो ब्लेडने हळू कापता येतो.

लांबी. हे मला शेतकऱ्यांना दर वर्षी सांगावं लागतं आणि सांगताना वाईट वाटतं कारण तोवर वायर आणून पुरलेली असते. सांगोल्याकडच्या एकांनी डाळिंबाच्या बागेत १५ मीटर वायर टाकून तीन सेन्सर एका पोर्टला आणले होते. आय-टू-सी एका बोर्डवरच्या चिपांनी आपापसात बोलावं म्हणून फिलिप्सने १९८२ मधे काढलं, बागेसाठी नाही. सगळ्या वायरींची मिळून कपॅसिटन्स (वायर किती चार्ज साठवते ते) ४०० पिकोफॅरडच्या आत पाहिजे आणि साध्या केबलला मीटरमागे ५० ते १०० धरा, म्हणजे तीन-चार मीटरवर दमछाक सुरू. एक-दोन मीटरला अडचण येत असेल तर कोडमधे वायर डॉट सेटक्लॉकने वेग ४०० वरून १०० किलोहर्ट्झ नाहीतर ५० वर आणा, बरेचदा तेवढ्याने भागतं, कारण वायरीला वर चढायला जास्त वेळ मिळतो. त्याच्या पुढे हट्ट करायचा नाही, आरएस-४८५ या लांब वायरीसाठीच्या पद्धतीचे सेन्सर घ्या, ते कमी वेगात १२०० मीटरपर्यंत जातात, नाहीतर प्रत्येक सेन्सरजवळ एक स्वस्त ईएसपी३२ ठेवून वायरलेसने आकडे आणा. त्यांनी शेवटी तसंच केलं, पुरलेली वायर आता सप्लायला वापरतात.

लूमच्या शेडमधे लांबीबरोबर मोटारींचा गोंगाट येतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका शेडमधे सुताला दमटपणा कमी पडला की धागे तुटतात म्हणून चार सेन्सर लावले होते, आणि मोटार सुरू झाली की सगळं अडकायचं. सेन्सरची वायर मोटारीच्या वायरीबरोबर एकाच पट्टीत बांधली होती. ती सोडवून लांब नेली, सेन्सर बोर्डापासून ३० सेंटिमीटरवर आणले, तेव्हा शांत झालं.

अडकलं की नुसतं रिसेट का पुरत नाही तेपण सांगतो. बोर्ड मधेच रिसेट होतो तेव्हा सेन्सर अर्ध्या वाक्यात असतो, एसडीए खाली धरून पुढच्या ठोक्याची वाट बघत बसतो, आणि रिसेट बोर्डाला कळतो, सेन्सरला नाही. उपाय असा की सुरुवातीलाच, वायर डॉट बिगिनच्या आधी, एससीएल पिन कोडमधूनच नऊ वेळा खाली-वर करायची, सेन्सर आपलं वाक्य संपवतो आणि वायर सोडतो. आठ-दहा ओळींचं काम आहे, शेतात नाहीतर शेडमधे लावायच्या प्रत्येक मशीनमधे मी ते टाकतोच.

शेवटी पैशाचा उपाय, मल्टिप्लेक्सर. एकाच पत्त्याचे सेन्सर पाहिजेतच आणि पत्ता बदलत नाही, तर टीसीए९५४८ए चिपचा मल्टिप्लेक्सर घ्या, आठ चॅनल, एम५स्टॅकच्या पाहबमधे त्यातले सहा बाहेर काढलेत. हा वर्गाच्या आठ तुकड्या करतो आणि एका वेळी एकाच तुकडीचं दार उघडतो. पोरं इथं दोन चुका करतात. एक, चॅनल न निवडताच दोन्ही सेन्सरचं बिगिन करतात. चॅनल निवडा, बिगिन करा, दुसरा चॅनल निवडा, त्याचं बिगिन करा, आणि वाचतानापण प्रत्येक वेळी आधी चॅनल. दोन, तोच पत्ता असलेला एक सेन्सर मल्टिप्लेक्सरच्या बाहेर मेन वायरीवर ठेवतात, तो सगळ्या तुकड्यांमधे हजर म्हणत राहतो.

आणि मल्टिप्लेक्सरचा स्वतःचा पत्ता ७०, हे विसरू नका. एम५स्टॅकच्या ईएनव्ही थ्री युनिटमधल्या दाबाच्या सेन्सरचा पत्तापण ७० आहे, सर्व्होच्या पीसीए९६८५ ला स्वतःच्या ४० शिवाय ७० वर सगळ्यांसाठीची हाकसुद्धा ऐकू येते. अशा वेळी मल्टिप्लेक्सरवरच्या ए० ए१ ए२ च्या जागेवरून त्याचा पत्ता ७१ करायचा. फार वर, ७६-७७ वर नेऊ नका, तिथं बीएमई बसलेत. अ‍ॅनालॉग सेन्सर वाढवायचे असतील तर पाहब नाही, पीबीहब, त्याचा पत्ता ६१.

कुठं थांबायचं ते आता. चिपला बोट लावल्यावर चटका बसला किंवा जळका वास आला तर परत पॉवर देऊन "बघूया" करू नका, चांगले सेन्सरपण जातील. लिथियम बॅटरी फुगलेली दिसली तर ती काढायचा प्रयत्न स्वतः करू नका, पोरांना तर हातच लावू देऊ नका. ए० च्या जागेवरचे रेझिस्टर राईच्या दाण्याएवढे असतात, जाड सोल्डरिंग गनने ते करायला गेलात तर पॅड उखडतं, मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडे हॉट एअर आणि मायक्रोस्कोप असतो, त्याला द्या. एवढं सगळं करूनही मधूनमधून एरर येत असेल तर पुढचं काम ऑसिलोस्कोपचं आहे, कॉलेजच्या लॅबमधे सरांना विचारा. आणि सेन्सर पंपाच्या स्टार्टरमधे नाहीतर लूमच्या पॅनलमधे बसवायचा असेल तर ते दार उघडायच्या आधीच थांबा, तिथं ४१५ व्होल्ट थ्री फेज आहे, परवाना असलेला वायरमन बोलवा, मेन स्विच त्यालाच बंद करू द्या, मीपण तेच करतो.

कुणाकडे दाखवायला नेताना सगळे सेन्सर, तीच केबल, तोच चार्जर, आणि एकेक सेन्सरचे लिहिलेले पत्ते असा कागद सोबत न्या. नुसता बोर्ड आणला तर माझ्या टेबलावर माझ्या केबलने तो चालतो, आणि घरी गेल्यावर परत बंद पडतो.